पांडुरंगाच्या गावी: न्हा त्रांग ते फान रांग

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. व्हिएतनामहून परतून दोन महिने होऊन गेले. फोटो सगळ्यांना पाठवून झाले, चिवड्याच्या रिकाम्या पिशव्यांत भरून आणलेली तिथली कॉफी वाटून झाली. पण एक प्रश्न मात्र पाठ सोडत नाही. नाशिकच्या ताईने विचारला, पुण्याच्या भाच्याने विचारला आणि सौ.च्या भजनी मंडळातल्या बायकांनी तर तिला दोन वेळा उभं करून विचारला: "तिकडे पांडुरंग नावाचं राज्य होतं म्हणे. खरं का हो?"

खरं आहे. होतं, आणि १८३२ सालापर्यंत होतं. म्हणजे आपली पेशवाई बुडाल्यावरही चौदा वर्षं. पण 'म्हणजे आपल्या विठोबाचंच ना?' असं जे पुढे विचारलं जातं, त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. सौ. म्हणाली, "मला काही ते मंडळात सांगता यायचं नाही, तुम्ही लिहूनच टाका." म्हणून हा लेख.

मुलीने आणि जावयाने आमच्या लग्नाच्या ४५व्या वाढदिवसाची भेट म्हणून ही सहल दिली. त्यांच्या डोक्यात हा लाँगचा उपसागर, होड्या, गुहा असं नेहमीचं होतं. मी म्हटलं, आम्हाला दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर न्हा त्रांगला पाठवा, आणि तिथून एक दिवस खाली फान रांगला. (तिकिटावर न्हा त्रांग असलं तरी तिथले लोक म्हणतात ते आपल्या कानाला 'न्या चांग' असं काहीतरी ऐकू येतं. मी आपलं तिकिटावरचंच वापरतो.) सौ.चं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे 'पायऱ्या किती?' हा तिचा पहिला प्रश्न, आणि 'तिथे आहे काय एवढं?' हा दुसरा.

न्हा त्रांग म्हणजे समुद्राला लागून सरळ लांबलचक चौपाटी, तिच्यामागे उंच हॉटेलांची रांग, आणि मधून वाहणारी काई नदी. पर्यटक बहुतेक वाळूवर पडून असतात. आम्ही दोघं पहाटे पाच वाजता चौपाटीवर गेलो, तर स्थानिक माणसं, विशेषतः आमच्या वयाची, पोहून, व्यायाम करून परत निघालेली. सौ. त्यांच्या एका घोळक्यात हात वर-खाली करायला उभी राहिली ती तीनही दिवस. असो. समुद्राचं वर्णन इतरांनी पुष्कळ केलं आहे.

काई नदीच्या मुखाशी एक छोटी टेकडी आहे. तिच्यावर विटांची चार देवळं उभी आहेत. हे पो नगर. 'पो' म्हणजे स्वामी किंवा स्वामिनी, आणि 'नगर' हा आपलाच शब्द. पण चाम भाषेत त्याचा अर्थ शहर असा न राहता देश असा झाला. देशाची स्वामिनी ती पो नगर. मुख्य देऊळ सुमारे २३ मीटर उंच. दारावरच्या दगडी पट्टीत चार हातांची देवता नाचते आहे आणि दोन्ही बाजूंना वाद्यं वाजवणारे आहेत. खालच्या टप्प्यावर विटांचे अष्टकोनी खांब नुसतेच उभे, वरचं छप्पर कधीच गेलेलं. पायऱ्या आहेत, पण बेताच्या. सौ. चढली.

आता थोडं मागे जायला हवं. आज ज्याला आपण व्हिएतनाम म्हणतो त्याच्या मध्य आणि दक्षिण किनाऱ्यावर हजार-बाराशे वर्षं चाम लोकांची राज्यं होती. सगळ्यांना मिळून चंपा म्हणतात. एकच एक सलग राज्य असं ते क्वचितच असावं. अमरावती, विजय, कौठार, पांडुरंग असे त्याचे भाग, आणि त्यांत आपसांत भांडणंही भरपूर. न्हा त्रांग म्हणजे जुना कौठार. त्याच्या दक्षिणेला फान रांग, म्हणजे पांडुरंग. नावं वाचून आपला ऊर भरून येतो हे मी समजू शकतो. २०२० साली तिकडे मी सन या ठिकाणी आपल्या पुरातत्त्व खात्याच्या माणसांना जीर्णोद्धार करताना नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग मिळालं, तेव्हा आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो फोटो मला नऊ जणांनी पाठवला होता. सोबत 'संपूर्ण व्हिएतनाम एकेकाळी आपलं होतं' असंही होतं.

ही कल्पना काही मोबाइलने काढलेली नाही. रमेशचंद्र मजुमदारांनी १९२७ साली 'चंपा' हा मोठा ग्रंथ लिहिला, तो पूर्वेकडल्या प्राचीन भारतीय वसाहती या मालेतला पहिला भाग होता. परक्या राज्याखाली असलेल्या माणसांना 'आमच्याही वसाहती होत्या' असं म्हणावंसं वाटलं, यात मला काही आश्चर्य वाटत नाही. मजुमदारांनी शिलालेख एकत्र करून जे काम केलं ते आजही उपयोगी आहे. पण 'वसाहत' हा शब्द टिकला नाही. इथून कोणी राजा सैन्य घेऊन तिथे गेल्याचा पुरावा नाही. चाम लोक तिथलेच. त्यांची भाषा मलय आणि सुमात्रातल्या आचेच्या भाषेच्या कुळातली. ते स्वतः पट्टीचे दर्यावर्दी. भारत आणि चीन यांच्यामध्ये ये-जा करणारी गलबतं पाण्यासाठी, लाकडासाठी त्यांच्या बंदरांत थांबत. त्या वाटेने संस्कृत आलं, शिव आला, लिपी आली, आणि राजांना ते सोयीचं वाटलं म्हणून त्यांनी ते घेतलं. न्हा त्रांगजवळच्या वो कान्ह गावात सापडलेला संस्कृत शिलालेख हा आग्नेय आशियातल्या सर्वांत जुन्या संस्कृत लेखांपैकी एक आहे (आता तो हनोईच्या संग्रहालयात आहे). पण हेही लक्षात घ्या, की साधारण चौथ्या शतकापासून ते आपल्या स्वतःच्या चाम भाषेतही दगडावर लिहू लागले होते. मराठीतला आपला पहिला शिलालेख त्यानंतर किती शतकांनी, हे आपणच मोजावं.

पो नगरच्या शिलालेखांनी मला मात्र अगदी घरच्यासारखं वाटायला लावलं, आणि त्याचं कारण देव नव्हे, तारखा. सगळ्या तारखा शकात आहेत! आपल्या पंचांगावर असतो तोच शक. शके ६९६, म्हणजे इसवी सन ७७४ मध्ये समुद्रातून जहाजं आली, जावाकडून आली असं बहुतेक अभ्यासक म्हणतात. लेखात त्या माणसांचं वर्णन काळे, हडकुळे, भयंकर आणि प्रेतांहून ओंगळ अन्न खाणारे असं केलं आहे. (हल्लेखोरांचं वर्णन जगात सगळीकडे सारखंच.) त्यांनी देवळातलं मुखलिंग पळवलं, देऊळ जाळलं. राजा सत्यवर्मा आपली जहाजं घेऊन त्यांच्या मागे गेला, लढाई जिंकला, पण मूळ लिंग काही हाती लागलं नाही. मग शके ७०६ मध्ये त्याने नवी स्थापना केली.

पुढे शके ८४०, म्हणजे ९१८ मध्ये, इंद्रवर्मा राजाने इथे भगवतीची सोन्याची मूर्ती बसवली. दहाव्या शतकाच्या मध्याला कंबोडियाच्या ख्मेर सैन्याने ती पळवली. शके ८८७ मध्ये दुसऱ्या राजाने तिच्या जागी दगडाची बसवली. सौ. हे ऐकून म्हणाली, "शहाणा होता. दगडाची कोण नेणार?" तुळजापूर काय, पंढरपूर काय, देव लपवण्याच्या आणि हलवण्याच्या कथा आपल्याकडे काय थोड्या आहेत! तिला ही गोष्ट सांगायला मला जास्त शब्द लागले नाहीत.

आत गाभाऱ्यात काळ्या दगडाची देवी बसलेली आहे. दहा हात आहेत, पण जरीच्या वस्त्रांत ते झाकलेले. समोर फळं, फुलं आणि उदबत्त्यांचा इतका धूर की डोळे चुरचुरतात. हा धूरही तिथलाच बरं का. अगरूचं सुगंधी लाकूड हा या डोंगरांतला शतकानुशतकांचा मोठा माल. चंपाची जहाजं त्यावर श्रीमंत झाली. आपल्या अगरबत्तीतला 'अगर' तो हाच. व्हिएतनामी लोकांच्या कथेत तर देवी अगरूच्याच ओंडक्यात शिरून समुद्रावरून उत्तरेला वाहत जाते, राजपुत्राशी लग्न करते आणि मग माहेरी परत येते. चाम लोकांची कथा वेगळी आहे. त्यांची देवी ढग आणि समुद्राचा फेस यांतून जन्मलेली, तिने माणसांना भात पिकवायला आणि कापड विणायला शिकवलं, आणि तिला ९७ नवरे होते! हे ऐकून सौ. माझ्याकडे बघून जे हसली ते इथे लिहीत नाही.

दोन कथा का, ते सांगतो. १६५३ साली (इकडे शिवाजी महाराज तेवीस वर्षांचे होते) व्हिएतनामच्या न्गुयेन घराण्याने कौठार जिंकला. चाम लोक दक्षिणेला सरकले. देवी मात्र जागची हलली नाही. नव्याने आलेल्या व्हिएतनामी शेतकऱ्यांनी तिलाच आपली केली, थिएन या ना असं तिचं नाव ठेवलं, आपल्या पद्धतीची वस्त्रं नेसवली, सण ठरवला. आज चांद्र तिसऱ्या महिन्यात देवीला स्नान घालून वस्त्रं बदलतात आणि दूरदूरहून बायका येतात. आम्ही गेलो त्या दिवशी समोर हात जोडून बसलेल्या सगळ्या बहुधा व्हिएतनामी होत्या. जिंकणाऱ्याने जिंकलेल्याची देवता मोडली नाही, हे मला फार मोठं वाटलं. आणि लगेच दुसरं दिसलं. देवळाच्या मागच्या बाजूला एका मांडवात दोन चाम बायका हातमाग घेऊन विणत बसल्या होत्या, शेजारी काही जण वाद्यं वाजवत होते, आणि दर थोड्या वेळाने चाम मुली पर्यटकांसाठी नाचत होत्या. देवी त्यांची, विणणं तिने त्यांना शिकवलेलं. आता त्या तिच्या अंगणात देखाव्यासाठी बसलेल्या. सौ. बराच वेळ त्या विणणारीजवळ खाली बसून होती. भाषा नाही, काही नाही. पट्टीची किनार बोटाने दाखवत दोघी मान हलवत होत्या. शेवटी एक पट्टा विकत घेतला. घासाघीस केली नाही, ही आमच्या घराण्याच्या इतिहासातली नोंद करण्यासारखी घटना.

दुसऱ्या दिवशी गाडी करून फान रांगकडे निघालो. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. वाटेत सुओई जाऊ नावाच्या ठिकाणी मी गाडी आत वळवायला सांगितली. तिथे एका टेकाडावर अलेक्झांडर येरसँ या डॉक्टरची समाधी आहे. विषय थोडा सोडतोय, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मूळचा स्वित्झर्लंडचा हा माणूस १८९४ साली हाँगकाँगच्या साथीत प्लेगचा जंतू शोधून काढणारा. त्या जंतूला आज त्याचंच नाव आहे. न्हा त्रांगला त्याने प्रयोगशाळा काढली, तिथे घोड्यांच्या रक्तापासून प्लेगवरची लस-रक्तद्राव म्हणा हवं तर-तयार केली, आणि ती घेऊन मार्च १८९७ मध्ये तो आला कुठे? मुंबईला! तेव्हा मुंबई-पुण्यात प्लेगने हाहाकार माजला होता. त्याच मार्च महिन्यात पुण्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, आणि जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. येरसँच्या औषधाला मुंबईत फारसं यश आलं नाही. तो परत न्हा त्रांगला गेला आणि १९४३ साली तिथेच वारला. फ्रेंच गेले, फ्रेंचांनी रस्त्यांना दिलेली नावं गेली, येरसँचं राहिलं. त्याच्या थडग्याशेजारी एक छोटं देऊळ आहे आणि लोक तिथे उदबत्ती लावतात. हातातली फुलांची पुडी सौ.ने मला न विचारता तिथे ठेवली. तिच्या माहेरी पणजीच्या तोंडून ऐकलेल्या प्लेगच्या आणि गावाबाहेर बांधलेल्या झोपड्यांच्या गोष्टी अजून सांगतात.

पुढे काम रान्हचा उपसागर लागतो. १९०५ साली जपानशी लढायला निघालेलं रशियाचं आरमार इथे थांबलं होतं, नंतर अमेरिकन आले, मग पुन्हा रशियन. ते सगळं मागे टाकून जसजसं दक्षिणेला जावं तसतसं हिरवं कमी होत जातं. डोंगर उघडेबोडके, खडक, निवडुंग, शेळ्या-मेंढ्यांचे कळप. व्हिएतनाममधला सर्वांत कमी पावसाचा हा भाग. मधूनच द्राक्षांचे मांडव, मिठागरं, लसणाची शेतं. सौ. खिडकीतून बघत म्हणाली, "अहो, ही तर आपली माणदेशाची वाट! पुढे पंढरपूर लागणार बहुतेक."

तिने हे सहज म्हटलं, पण माझ्या अंगावर काटा आला, कारण पुढे फान रांगच होतं.

पांडुरंग हे नाव तिथल्या लेखांत आठव्या-नवव्या शतकापासून दिसतं. त्याचंच चाम तोंडी पांदरांग, पानरांग झालं आणि व्हिएतनामी तोंडी फान रांग. मग हा पांडुरंग कोण? शब्दाचा सरळ अर्थ पांढऱ्या रंगाचा. चंपाचे राजे बहुतेक शैव. हेमचंद्राने पांडुरंग हे नाव शिवाचं म्हणून दिलं आहे असं रा. गो. भांडारकरांनी लिहून ठेवलं आहे, आणि कर्पूरासारखा गोरा तो शिवच. त्यामुळे फान रांगचा पांडुरंग हा शिवाकडचा असणं मला जास्त पटतं. विटेवर उभा, कटीवर हात ठेवलेला, असं तिथे काही नाही. पंढरपूर आणि फान रांग यांच्यात कोणी वारकरी गेला-आला असं सांगणारा एक कागद, एक दगड नाही. एकाच संस्कृत शब्दकोशातून दोन दूरच्या गावांनी एकच नाव उचललं, एवढंच. पण काळ जुळतो, तो मात्र बघण्यासारखा आहे.

गावाबाहेर, थाप चाम नावाच्या रेल्वे स्टेशनजवळ (थाप चाम म्हणजे चाम लोकांचा मनोरा) एका खडकाळ टेकडीवर पो क्लोंग गराईची तीन देवळं आहेत. लालसर विटा, ऊन असं की पायाखालचा दगड पोळतो. ती बांधली जयसिंहवर्मा तिसरा या राजाने, तेराव्या शतकाच्या अखेरीला किंवा चौदाव्याच्या सुरुवातीला. म्हणजे आपल्याकडे रामदेवराव यादवाचं राज्य होतं, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी झाली, नामदेव पंढरपुरात कीर्तनं करत होते, तोच हा काळ. हा राजा तरुणपणी कुबलाई खानाच्या मंगोल सैन्याशी लढलेला. नंतर १३०६ मध्ये त्याने उत्तरेकडच्या दाय व्हिएतच्या राजकन्येशी, हुयेन त्रानशी लग्न केलं आणि त्या बदल्यात उत्तरेचे दोन प्रांत देऊन टाकले. वर्षभरात राजा वारला. चाम प्रथेप्रमाणे राणीला सती जावं लागणार म्हणून तिच्या माहेरच्यांनी एक सरदार पाठवून तिला युक्तीने समुद्रमार्गे परत नेलं, अशी व्हिएतनामी बखर सांगते. राणी वाचली, बरं झालं. प्रांत परत मिळाले नाहीत.

देवळाच्या दारावर सहा हातांचा नाचणारा शिव आहे. दारात शिरल्यावर दगडी नंदी. पीक चांगलं यावं म्हणून शेतकरी त्याच्यापुढे गवत ठेवतात. आत मुखलिंग, पण त्या लिंगावरचा चेहरा राजाचा, मिशा असलेला! हा राजा म्हणजे पो क्लोंग गराई. लोककथेत तो कोडाने भरलेला मुलगा होता, नागाने चाटल्यावर बरा झाला, राजा झाला आणि त्याने बंधारे बांधून या कोरड्या मुलखाला पाणी दिलं. त्याच्या नावाने सांगितला जाणारा न्हा त्रिन्हचा बंधारा आजही वापरात आहे. पाणी देणाऱ्याचा देव होतो, हे माणदेशाकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

सौ.ने नंदीच्या पाठीवरून हात फिरवला, आपल्याकडे करतात तसं दोन शिंगांमधून लिंगाकडे पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "हा कोणाचा का असेना, मी नमस्कार केला. नमस्काराला कुठे कागद लागतो?" मी काही बोललो नाही.

कातेचा सण ऑक्टोबरच्या सुमाराला असतो, चाम पंचांगाच्या सातव्या महिन्यात. त्या पंचांगाला ते साकावी म्हणतात. नावात आपला शक अजून ऐकू येतो. आम्हाला तो सण बघायला मिळाला नाही, पण त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. चाम राजांची वस्त्रं डोंगरातल्या रागलाय लोकांकडे ठेवलेली असतात. सणाच्या दिवशी रागलाय ती घेऊन खाली येतात, मिरवणूक निघते, देवळाचं दार उघडतात, लिंगाला स्नान घालतात आणि वस्त्रं चढवतात.

राजे उरले नाहीत. १४७१ मध्ये दाय व्हिएतचा राजा ले थान्ह तोंग याने विजय नगरी घेतली आणि चंपाचा कणा मोडला. मग कौठार गेलं ते वर आलंच. १६९७ नंतर पांडुरंग नावापुरतं राहिलं, मांडलिक म्हणून. १८३२ मध्ये सम्राट मिन्ह मांगने तेही खालसा केलं. पाठोपाठ १८३३ ते १८३५ दोन उठाव झाले, एक कातिप सुमात याचा आणि एक जा थाक वा याचा. दोन्ही चिरडले गेले. आपल्याकडे १८१८ नंतरच्या उठावांच्या गोष्टी आहेत, पोवाडे आहेत, पाठ्यपुस्तकात धडे आहेत. वर्गात ते धडे शिकवताना मुलांचे डोळे कसे चमकत ते मला आठवतं. जा थाक वाचा धडा कोणत्या वर्गात शिकवला जातो, असं मी आमच्या वाटाड्या मुलाला विचारलं. तो चांगला शिकलेला, इंग्रजी फर्डं बोलणारा. त्याने ते नाव ऐकलेलं नव्हतं.

२०१९ च्या जनगणनेत व्हिएतनाममध्ये चाम लोक सुमारे १ लाख ७९ हजार होते. त्यातले बरेचसे याच कोरड्या पट्ट्यात राहतात. आणि आता, 'सगळे हिंदू होते ना?' असं विचारणाऱ्यांसाठी. या भागातल्या चाम लोकांत मुख्य दोन गट आहेत. एक गट पो क्लोंग गराईला येणारा, गोमांस न खाणारा, दहन करणारा. दुसरा बानी, शतकांपूर्वी इस्लाम घेतलेला पण आपल्या पद्धतीने पाळणारा, डुकराचं मांस न खाणारा. पहिल्या गटाला, म्हणजे ज्यांना आपण झटकन हिंदू म्हणू, ते स्वतः अहिएर म्हणतात. आणि दुसऱ्याला अवल. अरबीतले अव्वल आणि अखेर! मराठीत आपण दिवसातून दहा वेळा वापरतो तेच दोन शब्द. अहिएरांच्या देवमालिकेत अल्लालाही जागा आहे. दोन्ही गट मिळून एक पूर्ण, अशी त्यांची समजूत. दोघांतही वंश आईकडून चालतो, घर मुलीला मिळतं, जावई सासरी राहायला येतो. (आमच्या जावयाने हा भाग वाचू नये.) ग्रुपवरच्या फोटोत ही माणसं मावत नाहीत, म्हणून मला ते फोटो पुढे पाठवावेसे वाटत नाहीत. आपला पांडुरंग तिथे सापडल्याच्या आनंदात आपण त्यांना पुन्हा एकदा बाजूला सारतो, असं मला वाटतं. कोणाला राग आला तर येऊ द्या, घरचीच माणसं आहात.

परतताना बाऊ च्रुक या कुंभारांच्या गावी थांबलो. इथे कुंभारकाम बायकाच करतात, आईकडून लेकीकडे. चाक नाही. मातीचा गोळा एका उभ्या घड्यावर ठेवतात आणि बाई स्वतःच वाकून त्याच्याभोवती मागे-मागे चालत फिरते, हाताने आकार देते. आमच्यासमोर साठीच्या एका बाईंनी पाचेक मिनिटांत एक मडकं उभं केलं. सौ. म्हणाली, "ही तर प्रदक्षिणाच की!" २०२२ साली युनेस्कोने ही कला तातडीने जपायला हव्यात अशा परंपरांच्या यादीत घेतली. तातडीने, कारण लेकी आता शहरात नोकरीला जातात. त्या बाईंच्या दोघी मुलीही गेल्या आहेत, असं वाटाड्याने विचारून सांगितलं.

राहिलं ते एवढंच. फान रांग हे गाव निन्ह थुआन प्रांताची राजधानी होतं. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने आपले प्रांत कमी केले. त्यात निन्ह थुआन प्रांत न्हा त्रांगच्या खान्ह होआ प्रांतात मिसळला, आणि जुन्या पांडुरंगाचा दक्षिणेकडचा भाग, बिन्ह थुआन, डोंगरावरच्या लाम दोंग प्रांतात गेला. फान रांग ही नगरपालिकाही संपली, तिचे वेगवेगळे प्रभाग केले गेले. त्यांतल्या एका प्रभागाचं नाव फान रांग ठेवलं आहे.